भोवऱ्याखाली नाव कुणाचं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शोपीस जमवायच्या छंदावर लेख आला होता, त्यात सगळं महागडंच होतं म्हणून हे पत्र. माझं कलेक्शन कातीव लाकडाचं आहे, म्हणजे लेथवर फिरवून केलेल्या वस्तूंचं, आणि त्यातली पहिली वस्तू म्हणजे शाळेत असताना जत्रेत घेतलेला भोवरा. आता 43 नग झालेत, बायकोच्या मते 42 जास्त आहेत.

सावंतवाडीच्या चितारआळीतून भातुकली आणि डबे घेतले, कर्नाटकातल्या चन्नपट्टणहून खेळणी आणली, आंध्रातल्या एटिकोप्पाकाची एक लाल डबी मित्राने दिली. नंतर कळलं की चन्नपट्टणवाले ज्याला हाले म्हणतात आणि एटिकोप्पाकावाले अंकुडू, ते एकच झाड, आपला काळा कुडा! पांढरं, बारीक रेषेचं लाकूड, त्यावर रंग असा खुलतो की बघत राहावं. लाखेचं काम बघायला तर मी तासभर उभा होतो, लाकूड गरगर फिरतंय आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी नुसती टेकवतो, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून चढत जाते, मग वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही, काही नाही.

एक चूक सांगून टाकतो, दुसऱ्याने करू नये म्हणून. कोरोनात मी सगळ्या वस्तू सॅनिटायझरने पुसल्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे डोक्यातच आलं नाही, एटिकोप्पाकाच्या डबीचा लाल रंग फडक्यावर आला आणि डबी चिकट झाली, मित्राला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा कोरडं मऊ फडकं वापरा, ऊन लागू देऊ नका, वर गरम कप ठेवू नका बास.

आता मुद्द्याचं. या 43 नगांपैकी 37 कुणी केले ते मला माहीत नाही. दुकानात विचारलं की "आमच्याकडचाच माणूस आहे" एवढंच उत्तर. एका दुकानात तर मशीनचा माल 'अस्सल हातकाम' म्हणून माझ्या गळ्यात मारला, सहा डबे हुबेहूब एकसारखे, एकाचं झाकण दुसऱ्याला बसतं, तिथेच ओळखायला हवं होतं. चन्नपट्टणला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, चांगलंच आहे, पण टॅग गावाचा, माणसाचा नाही. अमेरिकेत बॉब स्टॉक्सडेल नावाचा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड घडवणारा, होऊन गेला (1913–2003), तो वाडग्याच्या तळाला सही करायचा आणि लाकूड कोणतं तेही लिहायचा. आपल्याकडे पितळेच्या तांब्यावर घेणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होतीच की, मग करणाऱ्याचं का नको? दुकानदारांनी तळाला साधी चिठ्ठी चिकटवली, नाव, गाव, लाकूड, तरी पुरे. दहा रुपये जास्त द्यायला आम्ही तयार आहोत.

आणि वाचकांपैकी कुणी आजीच्या पाळण्याचे कातीव खांब भंगारात काढत असेल तर जरा थांबा, माझा पत्ता संपादकांकडे आहे.

– एक वाचक, पुणे