करंगळीवर चढणारं बोट ओळखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. त्या रात्री सिव्हिलच्या अपघात विभागात ड्यूटीवर होतात, एवढी खूण तुम्हाला पुरे. मी गाडीवरून पडलेली, उजवा तळहात पुरीसारखा फुगवून आलेली शिलाईवाली काकू.

एक्स-रे बघून सगळ्यांचं एकच, फार काही नाही, अनामिकेमागचं तळहातातलं हाड तिरकं चिरलंय, प्लास्टर घाला नि घरी न्या. तुम्ही फिल्म बाजूला ठेवून म्हणालात, "काकू, जमेल तेवढी मूठ मिटा." डोळ्यांत पाणी आलं, पण अर्धीमुर्धी मिटली. अनामिका सरळ खाली न येता करंगळीवर चढत होती. डावी मूठ शेजारी ठेवून तुम्ही मलाही दाखवलंत: बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाकडे, मनगटाशी वळायला हवीत. माझं एक भलतीकडेच निघालं होतं.

हाड सरकलं नव्हतं, स्वतःभोवती फिरलं होतं, आणि हा पीळ फोटोत सहजी दिसत नाही. हाडात पाच अंशांचा पीळ राहिला तरी बोट टोकाशी दीड सेंटिमीटर शेजारच्यावर चढतं, असं तुम्ही सांगितलंत. ते मला तिथल्या तिथे पटलं. बाही खांद्याला जराशी फिरून लागली तरी ब्लाउज हँगरवर झकास दिसतो, अंगात घातल्यावर खरं काय ते कळतं! हाड तसंच जुळलं असतं तर कात्री धरताना दोन बोटं जन्मभर एकमेकांत अडकली असती.

ऑपरेशन मोठ्या सरांनी केलं. भूल हातापुरतीच. औषधात अ‍ॅड्रेनलिन असल्यानं रक्त कमी येतं, दंडाला पट्टा आवळावा लागत नाही, म्हणून मी टक्क जागी. दोन मिलिमीटरचे स्क्रू बसले आणि टाके घालायच्या आधी तुमचं पुन्हा तेच, "काकू, मूठ." मिटली. दुखलं नाही आणि बोट चढलंही नाही. (जखमेकडे बघू नका म्हणाला होतात. मी बघितलं.)

पुढचं सगळं कंटाळवाणं. हात उशांवर उंच ठेवायचा, आणि स्क्रूंनी हाड धरलंय म्हटल्यावर बोटं लवकर हलवायची, नाहीतर सांधे आखडतात. फिजिओच्या ताईंनी अनामिका मधल्या बोटाला पट्टीनं जोडून व्यायाम करून घेतले. त्यांचेही आभार. व्यायाम करताना मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते त्यांना न कळलेलंच बरं.

आता काजं-बटणं पुन्हा हातानं करते. तुम्ही पेढेसुद्धा वॉर्डात वाटून टाकलेत, तेव्हा निदान तो अ‍ॅप्रन घेऊन या, त्याचं वरचं बटण लोंबतंय. आणि एम.एस. झाल्यावर दवाखाना कुठे काढणार तेही सांगा. आमच्या गल्लीत गुडघ्यांची गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत.

तुमची,
शिलाईवाली काकू