काकू, पातेलं वाचलं!

प्रिय काकू,

समोरासमोर आभार मानले असते तर ‘चल, काहीतरीच तुझं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय ज्यांनी ‘फेकून दे ते आता’ असं सांगितलं होतं, त्यांच्याही नजरेला हे पडलं तर बरंच.

पातेलं सासूबाईंचं, जाड बुडाचं. आत काळाकुट्ट थर, नख लावलं तर नखच तुटेल असा. मदत मागायला जिथे गेले तिथे पहिला प्रश्न ठरलेला, ‘एवढं करपेपर्यंत लक्ष कुठे होतं?’ उलटतपासणी साग्रसंगीत झाली, पातेलं होतं तिथेच राहिलं.

उपाय मिळाले नाहीत असं नाही. एकीने खायचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतायला लावलं. फसफस अशी की वाटलं, आता काम फत्ते! फेस बसला आणि थर जागच्या जागी. तुम्ही नंतर हसत सांगितलंत तेव्हा कळलं, की ती दोघं एकमेकांचाच जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते मिळमिळीत पाणी. दुसऱ्या एका गृहस्थांनी तर कपड्यांचं ब्लीच सुचवलं, ‘आणि वरून थोडं व्हिनेगर’. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तो श्वासात गेला तर छाती धरायची वेळ येते. तेही राहू दे, नुसत्या ब्लीचनेसुद्धा स्टीलला बारीक खड्डे पडू शकतात. तिसरीकडे तारेची घासणी जोर लावून फिरवून मिळाली. डाग तसाच, वर ओरखडे मोफत.

आणि मग तुम्ही. पातेलं खिडकीशी उजेडात धरलंत, उलटं करून बूड पाहिलंत, कडेला बोटाने टकटक केलीत आणि विचारलंत, ‘स्टीलचंच ना गं? ॲल्युमिनियम नाही ना?’

बस, एवढंच विचारलंत. कोणी करपवलं, कसं करपलं, काही नाही. काकू, तुमच्या लक्षातही नसेल, पण त्या एका प्रश्नाने माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तुम्हाला पातेल्याची काळजी होती, गुन्हेगाराची नव्हती. (गुन्हेगार कोण, हे मी आजही सांगणार नाही. घरात शांतता हवी आहे.)

त्या प्रश्नाचं मोल तर मला नंतर कळलं. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम उकळलं तर ते काळवंडतं, त्याला चिंच-लिंबाचं आंबट मानवतं. बिडाच्या भांड्याला उलट आंबट चालत नाही, त्याचा तेलाने मुरलेला थर निघून जातो. म्हणजे भांडं कशाचं आहे हे न विचारता दिलेला कुठलाही उपाय हा निव्वळ अंदाज! आणि मला सगळ्यांनी अंदाजच वाटले होते.

कृती इथे लिहीत बसत नाही. सोडा, पाणी, मंद आच, मग गॅस बंद करून झाकण ठेवणं, यात लिहिण्यासारखं आहे काय? लिहिण्यासारखं आहे ते तुमचं स्वस्थ बसणं. माझा हात सारखा घासणीकडे जात होता आणि तुम्ही ती उचलून तुमच्या बाजूला ठेवलीत. ‘कोळसा काही विरघळत नाही. त्याला धरून ठेवणारा तेलकट चिकटा सुटू दे, मग तो आपसूक येतो.’ आणि खरंच, लाकडी उलथन्याच्या टोकाने कड उचलली तशी पापडासारखी खपली सुटली. तीही तुम्ही स्वतः काढली नाहीत, उलथनं माझ्या हातात दिलंत. बुडाला इंद्रधनुषी झाक राहिली होती, ती व्हिनेगरच्या फडक्याने पुसली गेली. इथे मात्र एकटं व्हिनेगर कामाला आलं!

हल्ली मदत करणारे पुष्कळ भेटतात. पण आधी आपली चूक कबूल करून घेतात, मग हात पुढे करतात. तुमच्यासारखी माणसं आधी बाह्या सरसावतात. अशी माणसं शेजारी असली की घरातलं कुठलंही भांडं भंगारात टाकण्याआधी माणूस जरा थांबतो.

सासूबाईंनी परवा त्याच पातेल्यात चहा ठेवला. पाहिलं, काही बोलल्या नाहीत. बुडावरचे ते ओरखडे त्यांना दिसले असणारच, पण ते तुमच्या खात्यातले नाहीत.

तुमची सोड्याची बरणी माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी भरून आणून देते. येताना बिडाचा तवाही आणणार आहे, त्याला गंज धरलाय. कोणामुळे, ते तुम्ही विचारणार नाहीच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची