नोव्हेंबरात गेलीस तर?

प्रिय सई,

काल फोनवर तू खोकत होतीस. "काही नाही बाबा, हवा बदललीय" म्हणालीस आणि लगेच सांगितलंस की लिस्बन सोडून फेब्रुवारीत थायलंडमधल्या चिआंग माईला जातेयस. म्हणून लिहितोय. फोनवर माझा आवाज चढतो, मग आई मध्ये पडते.

जाऊ नकोस असं म्हणत नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि जंगलं जळतात. शहराच्या भोवती डोंगर, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. लॅपटॉपवर काम करणारे तुझ्यासारखे तिथे पुष्कळ आहेत, पण त्यातलेही बरेच जण या दिवसांत दक्षिणेला समुद्राकडे सरकतात. तुझी छाती तुला माहीत आहे. नोव्हेंबरात गेलीस तर?

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठीचा थायलंडचा डीटीव्ही व्हिसा २०२४ मध्ये सुरू झाला, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, अर्ज मात्र देशाबाहेरूनच करायचा, हे सगळं तूच मला समजावलंस. पोर्तुगालचे कागदही एकटीने जमवलेस. मी ते आत्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मग विम्याच्या फॉर्मवर दमा का नाही लिहिलास? आधीपासूनचा आजार लपवला तर ऐनवेळी क्लेम नाकारतात. पंप हँडबॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. आणि लंडनच्या टीमची दुपारी चारची मीटिंग हिवाळ्यात तुझ्याकडे रात्री अकराला पडेल. जागरण झालं की तुला दम लागतोच. बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नकोस.

चौथीत सहलीला नाही म्हटलं, तर पंप मोज्यात खुपसून तू बसमध्ये जाऊन बसलीस. संध्याकाळी आलीस तेव्हा घोट्यावर पंपाचा लाल वळ होता आणि टेकडी कशी चढलीस ते सांगत सुटली होतीस. माझे हातपाय कापत होते, आणि शेजारच्यांना बोलावून सांगावंसंही वाटत होतं.

आजही तेच होतं. रात्री दम लागला तर तुझं दार कोण वाजवेल, एवढं मला सांग. खोली कुठलीही घे, पण जिथे कुणीतरी तुला नावाने ओळखतं अशी घे. को-लिव्हिंग, म्हणजे चारजणांनी मिळून राहायची जागा, महाग पडत असेल तर वरचे पैसे मी देतो, दादाला सांगायची गरज नाही.

पॉलिसीत दमा घालून घेतलास की कळव. आणि तिकिटाची तारीख बदलून मिळते का, तेही विचार.

बाबा