नदीचे पाणी तारखेसकट कागदावर आणा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : गोदावरीकाठच्या पाणथळींसाठी राखीव पाणी

महोदय,

१५ ऑक्टोबर आला की पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्के आहे की नाही, म्हणजे वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाड्याची जुंपते. पाणी आले तरी पुढची वाटणी पिण्याचे, शेतीचे आणि उद्योगाचे अशीच होते. पैठणच्या खाली पात्रालगत ज्या उथळ पाणथळी उरल्या आहेत, त्यांच्या नावावर काहीच पडत नाही. वास्तविक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात पाणीवापराच्या प्रवर्गांमध्ये ‘पर्यावरणीय’ वापर धरलेला आहे. त्यामुळे नव्या कायद्याची गरज नाही. त्या रिकाम्या रकान्यात आकडा आणि तारीख तेवढी भरायची आहे.

हा आकडाही धास्ती घ्यावी असा नाही. शंभर हेक्टरची पाणथळ सरासरी ३० सेंमी भरायला ०.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे १२० दिवस ती टिकवायची, तर रोजचे बाष्पीभवन ४ मिमी आणि पाझर २ मिमी धरून आणखी ०.७२ दलघमी. एकूण झाले एक दलघमीच्या आसपास. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी आहे! अर्थात २ मिमी पाझर काळ्या मातीला चालतो. तळ वाळूचा असेल तिथे हा हिशेब लावू नये, आधी पाझर मोजावा. एप्रिल-मे मध्ये पाणी धरण्याचा हट्टही नको. तेव्हा बाष्पीभवन दुपटीवर जाते, शिवाय तळ उघडा पडला की बेशरम आणि पाणकणीस ही तणे मुळासकट काढायला सोयीचे होते.

घोळ होतो तो पाणी पोचवण्यात. एक दलघमी १२० दिवसांत सारखे वाटले, तर धार येते जेमतेम साडेतीन क्यूसेकची (सेकंदाला साडेतीन घनफूट). ती पैठणहून सोडली, तर वाळू उपसलेल्या पहिल्याच खड्ड्यात जिरेल. उरलीच तर काठावरच्या मोटारी ओढून घेतील. म्हणून खालच्या बंधाऱ्यांसाठी पात्रातून पाणी सोडतात, त्याच पाण्यासोबत हा वाटा दोन-तीन टप्प्यांत सोडावा. खड्डे आणि कोरडे पात्र आधीच भिजलेले असते, त्यामुळे वाटेतली तूट कमी होते. त्या दिवसांत काठावरच्या मोटारींची वीज किती तास बंद, कोणत्या बंधाऱ्याचे किती बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे, हे त्याच आदेशात हवे. पाणथळीच्या तोंडाशी एक ठेंगणा उंबरठा आणि पातळी मोजायची गेजपट्टी लागेल. धरणाच्या दारातून किती पाणी सुटले याची नोंद होतेच. जिथे पोचायचे तिथे किती पोचले, याची कुठे होते?

असा आदेश पाळला जाईल का, अशी शंका कोणी काढेल. त्याने गोदावरीवरचाच, नांदेड जिल्ह्यातला बाभळी बंधारा पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार तिथली दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली तेलंगणाला द्यावे लागते. दिवस, दारांची स्थिती आणि परिमाण, तिन्ही लिहिलेले आहे. ‘पुरेसे पाणी सोडावे’ असल्या शब्दांवर तिथले भांडण मिटले नसते.

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी जलाशयाच्या, फुगवट्याची गोष्ट निराळी. तिथे जास्त पाणी नको, पातळी सावकाश उतरायला हवी. चिखले, तुतवार अशा काठच्या पक्ष्यांना बोटभर ते वीतभर पाण्याची कड लागते. पण पाणी मागे सरले की गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) थेट कडेपर्यंत येते, तेव्हा कडेचा एक पट्टा पेरणीविना सोडावा. मार्च ते मे मध्ये नदी सुरय पक्षी बेटांवर अंडी घालतात. पातळी झपाट्याने उतरली की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री पोचतात. अचानक चढली तर घरटी बुडतात. २०१७ च्या पाणथळ नियमांमधून सिंचनाचे जलाशय आणि नदीपात्रे वगळलेली आहेत, म्हणून त्यांचा आधार इथे फारसा नाही. पण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ अभयारण्यात येणारा-जाणारा प्रवाह विनापरवाना वळवायला, थांबवायला वा वाढवायला मनाई करते. वन विभागाने हे कलम घेऊन धरणाच्या पाण्याची वाटणी ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत बसावे.

जलपर्णीचा इलाज मात्र या पाण्यात शोधू नये. ती सांडपाण्यावर पोसते. नाल्यांवर प्रक्रिया झाल्याशिवाय कितीही पाणी सोडा, ती फक्त पुढच्या बंधाऱ्यात जाऊन साचेल.

टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी पहिले, यात दुमत नाही. पण शेतीला जितके टक्के कपात, तितकीच या वाट्याला, असे आधीच लिहून ठेवावे. नाहीतर पहिल्याच कमी पावसाच्या वर्षी तो शून्यावर येईल, आणि पुढच्या चांगल्या वर्षी जुनाच तक्ता समोर ठेवून बैठक उरकली जाईल.

आपले,
गोदाकाठचे काही वाचक, परभणी