बाबा, ते घड्याळ विकू नका

बडोदा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा दादा फोनवर बोलता बोलता म्हणाला की पुढच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ भंगारवाल्याला द्यायचं चाललंय, बंद पडलंय, नुसती धूळ खातंय म्हणून. मी तेव्हा गप्प बसले कारण फोनवर नीट सांगता आलं नसतं. बाबा, देऊ नका. निदान मी इंदूरला येईपर्यंत तरी नका देऊ. आई, हे तू त्यांना वाचून दाखव, आणि त्यांनी मध्येच थांबवलं तरी पुरतं वाच.

एक गोष्ट जुलैपासून तुमच्यापासून लपवून ठेवलीय. मी बीएस्सीला ॲडमिशन घेतलीय. ओपन युनिव्हर्सिटीतून, तिथे वयाची अट नाही. पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्स आहे, कॅल्क्युलस वापरून शिकवतात ते, आणि त्याची लॅब वेगळी, तिथे हजेरी लागतेच. त्यासाठी बँकेतून रजा काढते आणि दांडिया बाजारातून स्कूटरने जाते. लपवलं एवढ्याचसाठी की मिल बंद पडली तेव्हा मी बारावी सायन्स करून बी.कॉम.ला गेले हे बाबांना अजून लागतं, मला माहितीये, ते कधी बोलले नाहीत तरी. हे पण मध्येच सुटलं असतं तर पुन्हा लागलं असतं. आता नाही सुटणार, म्हणून सांगतेय.

बारावीला आम्ही तीन समीकरणं पाठ केली होती, वेग, अंतर, वेळ, आकडे घाला आणि उत्तर काढा. ती फक्त त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, कायम असलं तरच चालतात हे तेव्हा कुणी ठासून सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. लंबकाचं त्वरण तर क्षणाक्षणाला बदलतं, टोकाला सगळ्यात जास्त, मध्ये आला की वेगाच्या दिशेने काहीच नाही, मग इथे ती समीकरणं काय करणार? तिथे कॅल्क्युलस लागतं. एवढ्याशा क्षणात वेग किती बदलला ते लिहायचं आणि मग सगळे क्षण जोडत जायचे. हे पहिल्यांदा फळ्यावर उलगडलं ना, तेव्हा मला पुढच्या खोलीतला टिक टिक आवाजच ऐकू यायला लागला.

आता लॅबचं सांगते. पहिलाच प्रयोग साधा लंबक, एक मीटर दोरा, खाली पितळी गोळी, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि त्यावरून जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने येणारं त्वरण, काढायचं. माझी पार्टनर एकोणीस वर्षांची मुलगी आहे, मला मासी म्हणते. मी मोजत होते, ती घड्याळ धरून होती. ३८.१ सेकंद आले. गणित केलं तर जी आला १०.८८. यायला हवा ९.७९ च्या आसपास. ती म्हणाली मासी, आपण उलटं करू, ९.८ धरून रीडिंग लिहून टाकू, सगळे तेच करतात. तिला वाईट म्हणत नाहीये, पोरगी गुणी आहे, तिला लवकर घरी जायचं होतं. पण माझा हात काही चालेना. बाबा, मला तुमचं कॅलेंडर दिसत होतं. दर पंधरा दिवसांनी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून तुम्ही पेन्सिलीने त्या तारखेच्या चौकोनात लिहायचात, घ. ३॥ मि. मागे, घ. १ मि. पुढे. घड्याळ काय दाखवतंय तेच लिहायचात, काय दाखवायला हवं ते नाही. तेवढं बघून मोठी झालेय मी, मग खोटं कसं लिहू?

म्हणून १०.८८ तसंच वहीत ठेवलं आणि चूक शोधत बसलो. सापडली ती आईमुळे. मी गोळी सोडताक्षणी "एक" म्हणत होते. आई तू ब्लाउजला खुणा करताना म्हणायचीस ना, पाच बटणं तर अंतरं चारच, तिथेच बायका चुकतात. तसंच. सोडताना "शून्य" म्हणायला हवं होतं, मी एकोणीस हेलकाव्यांना वीस म्हणत होते! पुन्हा मोजलं, शून्यापासून, ४०.२ सेकंद, जी ९.७७. सरांनी दोन्ही रीडिंग वहीत राहू दिली आणि पहिल्याच्या बाजूला चूक कशामुळे झाली ते लिहायला लावलं.

आता घड्याळाकडे येते. उन्हाळ्यात ते मागे पडायचं आणि तुम्ही लंबकाखालचं नट नखभर फिरवायचात, मला जवळ येऊ द्यायचा नाहीत. मी विचारलं होतं का फिरवता, तर म्हणालात उन्हाने दांडी लांबते. ते गणित मी इथे बसून केलं. पितळ एका डिग्रीला दहा लाखात एकोणीस भाग वाढतं. जानेवारीत खोलीत १८ डिग्री आणि मे महिन्यात ३५ धरले तर फरक १७. लंबकाच्या एका हेलकाव्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळावर चालतो, म्हणून लांबी जितक्या हिश्शाने वाढते त्याच्या निम्म्या हिश्शाने वेळ वाढतो, हा निम्मा डेरिव्हेटिव्हमधून, म्हणजे त्या कॅल्क्युलसमधूनच, येतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, हिशोब करून १४ सेकंद रोजचे मागे. पंधरा दिवसांत साडेतीन मिनिटं. बाबा, तुमच्या पेन्सिलीचा आकडा! मी किती वेळ तो कागद तसाच धरून बसले होते.

अजून एक. सेकंदाला एक पूर्ण हेलकावा धरला तर लंबक साधारण पंचवीस सेंटीमीटरचा, आणि तो उन्हाने वाढतो फक्त ०.०८ मिलिमीटर. स्क्रू गेजने मी माझा केस मोजला होता, ०.०७ भरला. म्हणजे तुम्ही ते नट फिरवून गोळा केसाच्या जाडीइतका वर घेत होतात, नुसत्या बोटांनी, आणि बरोबर घेत होतात. ह्यूजेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं तेव्हापासून घड्याळवाले याच केसभर वाढीशी झगडत आलेत. तुम्ही मिलमधले फिटर, तुम्हाला कुणी शिकवलं हे?

आई तुझंही आहे. फ्लायव्हीलचा प्रयोग झाला, जड चाक, त्याच्या आसाला दोरा गुंडाळून वजन सोडायचं, दोरा सुटल्यावर चाक थांबेपर्यंत किती फेरे घेतं ते मोजायचं, त्यावरून घर्षणात किती गेलं ते कळतं. तुझ्या पायमशीनचं खालचं चाक तेच काम करतं, पाय थांबला तरी टाका पुरा होतो. त्याचं वजन सगळं कडेला का ठेवलंय तर आसापासून दुप्पट लांबचं वजन चौपट मोजलं जातं. पुढच्या वेळी सविस्तर सांगेन, मशीनसमोर बसून.

तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळापुढे बाबा केवढा वेळ उभे होते, आठवतंय? त्या वाटेने गेले की रोज आठवतं.

आता काम. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घ्या आणि लंबक वर जिथे टांगलाय तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजून मला कळवा. फ्रीजवरचं एखादं लोहचुंबक दांडीला लावून बघा, चिकटलं तर ती पितळी नाही, पोलादी आहे, मग माझं गणित चुकलं, १४ नाही ९ च सेकंद येतील आणि बाकीचे कुठून आले ते शोधावं लागेल. आणि जुनी कॅलेंडरं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, मे आणि जानेवारीची पानं मला हवीयेत, सगळ्या वर्षांची. दादाला काढायला सांगा. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका.

तुमची
बेबी