ताई, तारा निवडण्याआधी तुमचा दिवस बघ

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

मायलेकी एकदमच दातांना तारा बसवायला निघालात, हे आईनं सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं भावोजींना भलतंच सांगतेस. म्हणून लिहूनच पाठवते.

‘सगळ्यांत चांगल्या ब्रेसेस कुठल्या?’ इथे ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात कामाला लागल्यापासून हा प्रश्न रोज कानावर पडतो. दात सरकतो तो एकाच रीतीनं. हलका पण टिकून राहणारा दाब आला की पुढच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं हाड भरत जातं. तो दाब दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या स्टीलच्या ब्रॅकेटमधून आला की काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यातून (त्यालाच अलायनर म्हणतात), हाडाला काय त्याचं! प्रश्न एवढाच, की दाब टिकवायचं काम डॉक्टरांच्या तारेवर सोडायचं की आपल्या अंगावर घ्यायचं.

पोरीचं उत्तर सोपं आहे. तिच्या डॉक्टरांची वेगळी अडचण नसेल तर तिला धातूच्याच बसव. छत्री, डबा, स्वेटर सगळं कुठेतरी विसरून येणाऱ्या मुलीच्या हातात काढता येणारी वस्तू देऊ नये. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला अलायनर ताटाबरोबर कचऱ्यात गेला, हे आमच्याकडे नेहमीचंच. धातूच्या ब्रेसेस घरी काढता येत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण. शिवाय रंगीत रबरं निवडायला मिळतात, त्यामुळे ती कुरकुरही कमी करेल.

तिच्या बास्केटबॉलला आणि बासरीला मात्र थोडी तयारी लागेल. खेळताना कोपर लागलं तर ओठ ब्रॅकेटवर आपटून फाटतो, म्हणून माउथगार्ड हवाच. गरम पाण्यात मऊ करून दातांवर घट्ट बसवायचा साधा माउथगार्ड तिला चालणार नाही. दात सरकत असतात, त्यांना जागा लागते. ब्रेसेसवर घालायचा वेगळा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घे. बासरीची फुंक सुरुवातीला बिघडेल, कारण ओठांची ठेवण बदलते. तिच्या गुरुजींना आधीच सांगून ठेव. टोचलं तर ब्रॅकेटवर लावायचं मेण मिळतं. (ट्रम्पेटवाल्यांचे हाल याहून जास्त, तेवढं समाधान मान.) आणि ब्रशिंगवर तुझी नजर हवी. ब्रॅकेटच्या कडेनं कीट साचलं की तिथे पांढरे डाग पडतात आणि ब्रेसेस निघाल्यावरही ते पूर्ण जातीलच असं नाही. फ्लोराइडची टूथपेस्ट आणि तारेखाली शिरणारा छोटा ब्रश, दोन्ही लागतील.

आता तुझं. तुला अलायनर हवेत, कारण दिसत नाहीत. तसे अगदीच दिसत नाहीत असं नाही. बऱ्याचदा दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात, तेव्हाच साचा पकड घेतो. पण खरी गोष्ट तासांची आहे. अलायनर दिवसातले 20 ते 22 तास तोंडात हवा. एक साचा दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो. तो पुरेसा वेळ घातला नाही तर पुढचा नीट बसत नाही. घातलेला असताना फक्त साधं पाणी प्यायचं. गोड चहा आत शिरला तर दाताला चिकटून राहतो, साचा पिवळा पडतो आणि फार गरम असला तर वाकडाही होतो. तू तासागणिक चहा घेणार, दर वेळी साचा काढणार, चूळ भरणार, परत घालणार? आठवडाभर करशील, मग डबीतच राहील. दोनदा जेवण आणि दोनदाच चहा, एवढ्यावर भागत असेल तर मात्र अलायनर छान. ब्रश नेहमीसारखा करता येतो आणि तार टोचत नाही.

दातांच्या मागून बसवतात त्या लिंग्वल ब्रेसेस खरोखर लपतात. पण जीभ सोलवटते आणि सुरुवातीला ‘स’, ‘श’ बोबडे येतात. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या बाईनं ते का ओढवून घ्यावं?

माझं मत सिरॅमिकला, म्हणजे दाताच्या रंगाच्या ब्रॅकेटना. वर सिरॅमिक, खाली धातू. सिरॅमिक दाताच्या आवरणापेक्षा कठीण असतं; खालच्या ब्रॅकेटवर वरचे दात आपटत राहिले तर दातच झिजतात. बोलताना खालचे तसेही कमी दिसतात. सिरॅमिक स्वतः पिवळं पडत नाही, पण त्याभोवतीची पारदर्शक रबरं चहानं पिवळी पडतात. ती दर खेपेला बदलतात, म्हणजे मधले दिवस तेवढे सोसायचे. रबराऐवजी झडप असलेले ब्रॅकेटही तुला सुचवतील. साफ करायला ते बरे, पण त्यांनी उपचार लवकर संपतो हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. त्या आशेवर घेऊ नकोस.

हे सगळं एक्स-रे झाल्यावर बदलू शकतं. चावा फार खोल असेल, दात काढावा लागणार असेल, तर तुझ्या आवडीला तेवढा वाव राहणार नाही. हिरड्या आणि किडलेले दात आधी बघून घे. एक्स-रे न काढता घरपोच अलायनर पाठवणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. स्माईलडायरेक्टक्लब ही अमेरिकेतली मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि कित्येकांचे दात अर्ध्यावरच राहिले.

साधारण दीड-दोन वर्षं धर, कमी-जास्त होईल. नंतर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर असतोच, तोही रात्रीचा वर्षानुवर्षं घालायचा. पोरीला हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ब्रेसेस निघाल्या त्या दिवशी रडेल.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याचा फोटो पाठव. आमच्या डॉक्टरबाई बघते म्हणाल्यात. भावोजींना नमस्कार, पोरीला पापा.

तुझी,
धाकटी