चेन उतरवा, पाणी उतरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वादळी पावसात गुलमोहर आणि पेल्टोफोरम आडवे झाले की बडोद्याच्या रस्त्यांवर चेनसॉ सुरू होतात. तेव्हा खाली पडणारा भुसा पाहावा. चेनला धार असेल तर पातळ पोह्यांसारखा किस पडतो. पिठासारखी भुकटी उडून कापातून धूर येत असेल, तर चेन बोथट आहे आणि मशीन चालवणारा स्वतःचा भार तिच्यावर टाकतो आहे.

हल्ली अनेक जण चेन मशीनवरून काढून धार लावायला देतात. रीत चांगली आहे. चेन हातात आली की सैल रिव्हेट आणि चिरलेली कडी दिसते, शिवाय दुसरी चेन चढवून काम चालू राहते. बिघडते ते पुढे, चाकू-कात्रीच्या साध्या ग्राइंडरवर. तिथे नजरेच्या अंदाजाने दात टेकवला जातो, टोक निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. अशी धार दोन फांद्याही टिकत नाही. कधी उलटेही होते: तापून एकदम गार झालेली कड इतकी कडक होते की पुढच्या वेळी कानस तिच्यावरून नुसती घसरते.

चेन आधी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने साफ करावी. वडाचा चीक सुकून कड्यांत बसलेला असेल तर चेन व्हाइसमध्ये (पकडशिकंज्यात) सरळ बसतच नाही. मग पिच पाहावी: लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर, भागिले दोन. ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस किंवा ग्राइंडरचा ३.२ मिलिमीटर जाडीचा दगड लागतो. छोट्या मशीनवरच्या ३/८ इंच पिचच्या लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांच्या चेनला ४ मिलिमीटरची कानस. बहुतेक चेनांना कोन ३० अंशांचा असतो, तरी डब्यावर छापलेला आकडाच खरा मानावा.

चेनच्या ग्राइंडरवर सर्वांत आखूड किंवा खिळा लागून कोपरा उडालेला दात आधी घ्यावा. वरचा क्रोमचा थर जिथून अखंड आहे तिथपर्यंत तो मागे न्यायचा. दात जिथे अडतो तो स्टॉपर तिथेच बांधून त्या बाजूचे बाकीचे दात करावेत, मग व्हाइस फिरवून दुसरी बाजू. पहिल्या दातावर खडूची खूण हवी, नाहीतर दोनदा फेरी होते. दगड एका सेकंदाहूनही कमी वेळ टेकवून उचलायचा, पुन्हा टेकवायचा. गुळगुळीत झालेला दगड घासत नाही, तापवतो. तो वरचेवर ड्रेस करावा, म्हणजे घासून पुन्हा खरखरीत करावा. खोल मात्र जाऊ नये. बाजूच्या कडीला दगडाचा चरा पडला तर चेन तिथेच तुटू शकते.

खरी चूक बहुधा डाव्या-उजव्या दातांत असते. बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, आणि ड्राइव्ह लिंक म्हणजे तिच्या खाचेत बसणारी कडी. अठरा इंची बारवरच्या ०.३२५ पिचच्या चेनला साधारणतः ७२ ड्राइव्ह लिंका, म्हणजे ३६ दात: १८ डावे, १८ उजवे. दाताचा माथा मागे उतरता असल्याने आखूड झालेला दात बुटकाही होतो आणि लाकूड कमी घेतो. एक बाजू अशी मागे पडली की काप तिरपा जातो, बार एकाच कडेने झिजतो आणि दोष मशीनच्या माथी येतो. दोन्हीकडचे दात व्हर्नियरने मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत. कोणी मोजत नाही, एवढेच.

दातापुढचा उंचवटा, कारागीर ज्याला रेकर म्हणतात, तो धारेपेक्षा सहसा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. दात घासत गेला की हे अंतर कमी होते आणि नव्या धारेची चेनही भुकटीच पाडते. तीन-चार धारांनंतर गेज (मापाची पट्टी) ठेवून वर आलेला भाग चपट्या कानशीने काढावा. ‘जोरात कापेल’ म्हणून जास्त उतरवणे जिवावर बेतते: दात लाकडात अडकतो आणि बारचे टोक उसळून अंगावर येते.

ग्राइंडर नसला तरी अडत नाही. व्हाइसच्या जबड्यात ड्राइव्ह लिंका धरून चार-पाच दात पक्के करावेत, कारण लटकत्या चेनवर दात हलतो आणि धार गोलसर होते. कानशीचा पाचवा भाग दाताच्या वर राहू द्यावा. घासायचे ते फक्त पुढे ढकलताना. परत आणताना उचलावी. सर्व दातांना सारखेच हात, तीन तर तीन. दात चार मिलिमीटरपेक्षा आखूड झाला की चेन भंगारात.

धारेनंतर चेन पुन्हा धुवावी, दगडाची पूड रिव्हेट खाते. मग रात्रभर तेलात ठेवावी. चढवताना बारच्या वरच्या कडेवर दातांचे तोंड टोकाकडे हवे. उलटी चढलेली चेन अजूनही दिसते!

ठेका देताना सोसायट्यांनी दर मशीनमागे तीन चेना मागाव्यात आणि त्या आलटूनपालटून वापरायला सांगावे, म्हणजे तिन्ही स्प्रॉकेटबरोबर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाबरोबर) सारख्या झिजतील. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती लवकर ताणते.

— एक वाचक, प्रतापनगर, बडोदे